कार्बन झिजावा, कम्युटेटर टिकावा

कापडाच्या धंद्यात आयुष्य गेले तरी विजेच्या मोटारीच्या पोटात काय असते हे पाहण्याची पाळी आपल्यावर क्वचितच येते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे यंत्रमागाला जी मोटार बसवलेली असते ती इंडक्शन मोटार. तिच्या फिरत्या भागाला बाहेरून वीज पोचवावीच लागत नाही. म्हणून तिच्यात कार्बन नाही, कम्युटेटर नाही आणि ठिणगीही नाही. बेअरिंगची काळजी घेतली की ती वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते. कापसाची लव सतत उडत असलेल्या जागी हीच मोटार योग्य, कारण ठिणगी आणि लव एकत्र आली की आग लागायला वेळ लागत नाही.

परंतु कापड मागावरून उतरून शिलाईच्या गाळ्यात पोचले की चित्र बदलते. हातात धरून थर कापण्याचे छोटे गोल कटर, घरगुती शिलाई मशीनला पट्ट्याने जोडलेली मोटार, बटन-टेबल ठोकताना लागणारे ड्रिल, माल नेणाऱ्या टेम्पोचा स्टार्टर, घरी गेल्यावर मसाला वाटणारा मिक्सर, अशा बहुतेक यंत्रांत कार्बन ब्रश व कम्युटेटर असतात. ही दोन वस्तू काय आहेत, त्या कशा बनतात आणि आपल्या कारागिरांना त्यांत कोणता रोजगार आहे, याची माहिती आज वाचकांपुढे ठेवायची आहे. मी मोटारीचा कारागीर नाही, गिऱ्हाईक आहे. नुकसान सोसून शिकलेले गिऱ्हाईक म्हणा हवे तर.

झाले असे की, काही वर्षांपूर्वी आमच्या शिलाईच्या गाळ्यातील दोन गोल कटर बंद पडले. कार्बन संपले होते. पोरगा बाजारातून एक पुडी घेऊन आला. मापाला बरोबर, भावाला स्वस्त, वर एका प्रसिद्ध नावाचा छाप. बसवले, कटर चालू झाले, मी खूष झालो. आठ-दहा दिवसांत दोन्ही कटर गरम होऊ लागले, वास येऊ लागला आणि जाळीतून निळ्या ठिणग्या दिसू लागल्या. वाइंडिंग करणाऱ्या चाचांकडे नेले. त्यांनी मोटार खोलून आर्मेचर माझ्या हातात दिले. तांब्याच्या गोल भागावर नखाला लागतील एवढ्या चऱ्या पडल्या होत्या. पुडीतले कार्बन मात्र जवळजवळ जसेच्या तसे.

“शेठ, कार्बन घिसने के वास्ते बना है,” चाचा म्हणाले. “तुमने ऐसा डाला जो खुद नहीं घिसता, दूसरे को घिसता है.”

दोन्ही आर्मेचर नवी घ्यावी लागली. ईदच्या हंगामात कटिंग मास्टर आणि त्याचे दोन सोबती चार दिवस हातावर हात ठेवून बसले, त्यांची रोजी बुडाली ती वेगळीच. त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

आधी कम्युटेटर म्हणजे काय ते पाहू. मराठी पुस्तकांत त्याला दिक्परिवर्तक असा भारदस्त शब्द आहे आणि तो अर्थाने अगदी बरोबर आहे, कारण दिशा पालटणे हेच त्याचे काम. मोटारीच्या फिरत्या भागाला आर्मेचर म्हणतात. त्याच्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी भरलेली असतात. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये अशा वेटोळ्यातून वीज गेली की तारेवर जोर पडतो व आर्मेचर फिरू लागते. पण अर्धा फेरा झाला की तीच तार एका ध्रुवाखालून निघून दुसऱ्या ध्रुवाखाली जाते. वीज पूर्वीच्याच दिशेने वाहत राहिली तर जोर उलटा पडेल, आणि आर्मेचर फिरण्याऐवजी जागीच डोलत राहील. म्हणून नेमक्या त्या क्षणी वेटोळ्यातील विजेची दिशा पालटावी लागते. यासाठी आर्मेचरच्या दांड्यावर तांब्याच्या पट्ट्या गोलाकार बसवून, दोन पट्ट्यांमध्ये वीज न वाहू देणारा थर घालून, एक लहानसे पिंप तयार करतात. हाच कम्युटेटर. वेटोळ्याची दोन टोके दोन पट्ट्यांना जोडलेली असतात. बाहेर स्थिर असलेले ब्रश या फिरत्या पिंपाला टेकून उभे असतात. एकातून वीज आत जाते, दुसऱ्यातून बाहेर येते. पट्ट्या ब्रशखालून सरकत जातात तशी एकेका वेटोळ्याची दिशा आपोआप पालटत जाते.

मागवाल्याला हे समजावून सांगायला धोट्याचे उदाहरण पुरे. ताण्याचे धागे उघडलेले असतानाच धोटा पार गेला पाहिजे. क्षणाचा उशीर झाला तर धागे मिटतात, धोटा अडकतो आणि ताणा तुटतो. कम्युटेटरमध्येही सगळा खेळ वेळेचा आहे. मिक्सरची मोटार मिनिटाला १८,००० फेरे घेते आणि तिच्या कम्युटेटरला २४ पट्ट्या आहेत असे धरा. म्हणजे सेकंदाला ३०० फेरे आणि एका ब्रशखालून सेकंदाला ७,२०० पट्ट्या. एवढ्या अल्पशा वेळेत वेटोळ्यातील वीज थांबून उलटी वाहू लागली पाहिजे. भरलेली हातगाडी जशी एकदम मागे फिरत नाही, तशी वेटोळ्यातील वीजही एकदम पालटायला तयार नसते. पट्टी ब्रशखालून सुटेपर्यंत ती पूर्ण पालटली नाही, तर उरलेली वीज हवेतून उडी मारते. आपल्याला दिसते ती ठिणगी म्हणजे ही उशिराची उडी.

येथेच कार्बनचे महत्त्व आहे. सुरुवातीला ब्रश कार्बनचे नव्हतेच. फ्रान्समध्ये पिक्सी नावाच्या कारागिराने १८३२ मध्ये अँपियरच्या सूचनेवरून आपल्या वीजयंत्राला दिशा पालटणारा भाग बसवला. अमेरिकेत थॉमस डेव्हनपोर्ट नावाच्या लोहाराने १८३४ मध्ये कम्युटेटर असलेली मोटार बनवली आणि १८३७ मध्ये तिचे पेटंट मिळवले. त्या काळी तारेवर लाखेचा मुलामा मिळत नव्हता. त्याच्या पत्नीने आपल्या लग्नाच्या रेशमी पोशाखाच्या पट्ट्या कापून तारेवर गुंडाळायला दिल्या, असे सांगतात. कापडवाल्याला ही गोष्ट आवडते यात नवल नाही, पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, तो माणूस विद्यापीठातला नव्हता, भट्टीवरचा होता. पुढे ग्रामच्या यंत्रांनी १८७० नंतर व्यापारी रूप घेतले. तोपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ तांब्याच्या तारांची जुडी किंवा तांब्याची जाळी गुंडाळून ती कम्युटेटरवर टेकवत असत. ती खरोखरच ब्रशासारखी, म्हणजे कुंचल्यासारखी दिसे, आणि नाव तेव्हापासून चिकटले. आज कार्बनच्या ठोकळ्यात कुंचल्यासारखे काहीही नाही.

तांब्याच्या ब्रशांना दोन रोग होते. तांबे तांब्याला खात असे, आणि ठिणग्या फार उडत. जॉर्ज फोर्ब्स यांनी १८८५ मध्ये कार्बनच्या ब्रशाचे पेटंट घेतले. कार्बन विजेला तांब्याइतकी सहज वाट देत नाही, मग तो चांगला कसा, असा प्रश्न पडेल. उत्तर असे की, हा अडथळाच येथे उपकारक ठरतो. ब्रश एका वेळी दोन पट्ट्यांवर टेकलेला असताना मधले वेटोळे ब्रशातूनच जोडले जाते. त्या वेटोळ्यातली जुनी वीज कार्बनच्या अडथळ्यामुळे लवकर मरते आणि पालट वेळेत होते. शिवाय ग्राफाईट हा स्वतःच वंगण आहे, तेल घालावे लागत नाही. (तेल घालूही नये. शिलाई मशीनचे तेल मोटारीत गेले की कार्बनची भुकटी आणि लव मिळून काळा चिखल होतो.)

आता त्या चऱ्या पडलेल्या आर्मेचरकडे परत येऊ. चांगल्या चालणाऱ्या कम्युटेटरचा रंग तांब्यासारखा लाल-चकचकीत नसतो. तो चॉकलेटी किंवा चहाच्या रंगाचा, गुळगुळीत व एकसारखा असतो. हा मळ नव्हे. तांब्याचा ऑक्साईड, ब्रशातून आलेले ग्राफाईट आणि हवेतील ओलाव्याचा अंश यांचा तो अतिशय पातळ थर आहे. या थरावरूनच ब्रश घसरत असतो. थर आहे तोवर तांबेही टिकते आणि ब्रशही. आपले अनेक कारागीर मोटार खोलली की पहिले काम म्हणून एमरी पेपर घेऊन कम्युटेटर चकाचक करतात, गिऱ्हाईकही चमक पाहून खूष होते. प्रत्यक्षात त्यांनी मोटारीचे रक्षण करणारी चादरच ओढून काढलेली असते. त्यात एमरीचे कण कठीण असतात व तांब्यात रुतून बसतात, पट्ट्यांमध्ये अडकले तर वीज ओलांडायला वाट करून देतात. कम्युटेटरवर एमरी कधीही वापरू नये. गरज पडलीच तर बारीक वाळूचा पेपर वापरावा.

या थराला ओलावा किती आवश्यक आहे याचा धडा दुसऱ्या महायुद्धात मिळाला. विमाने फार उंचावर उडू लागली तेव्हा त्यांच्या मोटारी व जनरेटरचे ब्रश थोड्याच वेळात भुकटी होऊन संपू लागले. वर हवेत बाष्प जवळजवळ नसते, म्हणून थर टिकत नव्हता. पुढे ब्रशात बेरियम फ्लोराईडसारखे क्षार मिसळून मार्ग काढण्यात आला. आपल्या गाळ्यांत ओलाव्याची कमतरता नाही, उलट पावसाळ्यात जास्तच. मात्र आपल्याकडे दुसरा शत्रू आहे, तो म्हणजे सिलिकॉन. सुई सहज सरकावी म्हणून जे सिलिकॉनचे स्प्रे मारतात त्याची वाफ चालू मोटारीत गेली तर ब्रश झपाट्याने झिजतो. स्प्रे मारायचा तर मोटारीपासून दूर मारावा.

ब्रश निवडताना किंवा बनवताना काय पाहायचे? लोक फक्त लांबी-रुंदी पाहतात. मिक्सरच्या मोटारीचेच उदाहरण पुढे नेऊ. मोटार ५०० वॅटची व वीज २३० व्होल्टची. म्हणजे करंट सव्वादोन अँपियरच्या आसपास. ब्रश दोन असले तरी प्रत्येकातून पूर्ण करंट जातो, कारण एकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. ब्रशाचे तोंड ६ मिलिमीटर बाय ८ मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ अर्ध्या चौरस सेंटीमीटरला थोडे कमी, आणि दर चौरस सेंटीमीटरला साधारण पाच अँपियर. इलेक्ट्रोग्राफाईट जातीचे ब्रश दर चौरस सेंटीमीटरला ८ ते १२ अँपियर आरामात वाहतात, तेव्हा करंटचा प्रश्न नाही. मग प्रश्न कोठे येतो? वेगाचा. कम्युटेटरचा व्यास २५ मिलिमीटर असेल तर १८,००० फेऱ्यांना त्याचा पृष्ठभाग सेकंदाला साडेतेवीस मीटर, म्हणजे ताशी ८५ किलोमीटरच्या वेगाने ब्रशाला घासत असतो. एस.टी.च्या वेगाने धावणारी तांब्याची सडक! त्या सडकेवर ब्रश उड्या मारू लागला की प्रत्येक उडीला ठिणगी.

उडी मारू नये म्हणून मागे स्प्रिंग असते. मोठ्या, एका जागी बसवलेल्या मोटारींत दर चौरस सेंटीमीटरला १८० ते २५० ग्रॅम दाब ठेवतात. मिक्सर-ड्रिलसारख्या वेगवान लहान मोटारींत याहून पुष्कळ जास्त, ४०० ग्रॅमच्या घरात लागतो. आपल्या उदाहरणातील ब्रशाला सुमारे १९० ग्रॅम. दाब जास्त झाला तर घर्षणाने झीज वाढते हे सर्वांना कळते, परंतु दाब कमी झाला तर ठिणगीने झीज त्याहूनही वाढते, हे कळायला वेळ लागतो. जुनी, तापून मऊ झालेली स्प्रिंग तशीच ठेवून नवा ब्रश बसवणे म्हणजे नव्या घोड्याला तुटका लगाम. दाब मोजायला महाग यंत्र लागत नाही. मोठ्या मोटारीत ब्रशाखाली कागदाची पट्टी सरकवावी, स्प्रिंगच्या काट्याने ब्रश हळूहळू वर ओढावा, आणि कागद सुटा होईल त्या क्षणी काटा वाचावा.

रुंदीचेही गणित आहे. वरच्या कम्युटेटरचा घेर साडेअठ्ठ्याहत्तर मिलिमीटर आणि पट्ट्या २४, म्हणजे एका पट्टीचा वाटा सव्वातीन मिलिमीटर. ६ मिलिमीटरचा ब्रश सुमारे दोन पट्ट्या व्यापतो, आणि हे योग्य आहे. कोणी जागा कोरून रुंद ब्रश बसवला तर जास्त वेटोळी एकाच वेळी जोडली जातील व पालटाचे गणित बिघडेल.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ब्रशाची जात, म्हणजेच ग्रेड, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. सगळे काळेच. ढोबळमानाने चार घराणी आहेत: कठीण कार्बन-ग्राफाईट, भट्टीत अतिशय तापवून केलेला इलेक्ट्रोग्राफाईट, राळेने बांधलेला ग्राफाईट आणि तांब्याची भुकटी मिसळलेला धातू-ग्राफाईट. मिक्सर, ड्रिल यांच्यासारख्या ए.सी.वर चालणाऱ्या युनिव्हर्सल मोटारींना जास्त अडथळ्याचा, बहुधा राळेने बांधलेला ब्रश चांगला. टेम्पोच्या स्टार्टरची गोष्ट अगदी उलट. साध्या कार्बनच्या दोन ब्रशांत मिळून साधारण दोन व्होल्ट खर्च होतात. २३० व्होल्टमध्ये हे दोन व्होल्ट शंभरात एकसुद्धा नाहीत. पण बॅटरी १२ व्होल्टची असेल तर सहावा हिस्सा ब्रशातच गेला. म्हणून स्टार्टरला तांबे-मिश्रित ब्रश लागतो, ज्याची लालसर झाक दिसते. स्टार्टर काही सेकंदच चालतो, म्हणून तांब्याची झीज तेथे परवडते. तोच लाल ब्रश मापाला घासून ड्रिलमध्ये बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

ब्रश बनतो कसा? पेट्रोलियम कोक, काजळी आणि ग्राफाईट यांची भुकटी डांबराच्या पिचमध्ये गरम करून मळतात, थंड झाल्यावर पुन्हा दळतात आणि प्रेसमध्ये दाबून ठोकळे पाडतात. मग हवा लागू न देता १००० अंश सेल्सिअस व त्याहून अधिक उष्णतेला भाजतात. येथे घाई चालत नाही, पिचमधील वायू हळूहळू निघाले नाहीत तर ठोकळा तडकतो, म्हणून भाजणीला अनेक दिवस लागतात. इलेक्ट्रोग्राफाईट हवा असेल तर विजेच्या भट्टीत २५०० अंशांच्या पलीकडे नेतात, म्हणजे कार्बनचे रूप पालटून ग्राफाईट होते, तो मऊ व निसरडा बनतो. राळेच्या जातीत ग्राफाईट आणि फिनॉलची राळ मिसळून कमी उष्णतेत पक्के करतात. आपल्या गल्लीतल्या कारखानदाराने भट्टीच्या फंदात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला भांडवल, प्रयोगशाळा आणि मालाची एकसारखी जात सांभाळणारी माणसे लागतात. माझ्या कटरमध्ये बसलेला तो पुडीतला माल बहुधा अशाच कोणाच्या अर्धवट भाजणीचा असावा.

लहान कारागिराचे काम ठोकळ्यानंतर सुरू होते. नामांकित उत्पादकाकडून ग्रेड लिहिलेले ठोकळे घ्यायचे, बारीक करवतीने किंवा हिरकणीच्या चाकाने कापायचे, घासून मापावर आणायचे. मग ड्रिलने भोक पाडून त्यात बारीक तांब्याच्या तारांची गुंफलेली लवचीक दोरी घालायची आणि भोवती तांब्याची भुकटी ठोकून ठासायची. काही ब्रशांत ती रिव्हेटने बसवतात. ही दोरी फार महत्त्वाची आहे. ती सैल राहिली तर करंट स्प्रिंगमधून जाऊ लागतो, स्प्रिंग तापून मऊ होते आणि वर सांगितलेले सगळे दुखणे सुरू होते. ठासलेली दोरी काट्याने ओढून पाहिल्याशिवाय ब्रश डबीत टाकू नये. ब्रश आपल्या घरात इतका सुटा असावा की बोट काढताच आपल्या वजनाने खाली सरकेल, आणि इतकाही सैल नसावा की हलेल. ही फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासची असते. व्हर्नियर हातात धरता येणारा मुलगा हे काम करू शकतो, अंदाजपंचे कापणारा नाही.

एक इशारा. हा धंदा कापडाच्या गाळ्यात किंवा त्याच्या शेजारी करू नका. कार्बनची भुकटी मलमलीच्या थानावर बसली तर धुऊन निघत नाही, छातीत गेली तर त्याहून वाईट, आणि विजेच्या बोर्डात गेली तर शॉर्ट करते. धूळ ओढून घेणारे यंत्र आणि तोंडाला चांगला मास्क, यांत कंजुषी नको.

कम्युटेटरच्या बाबतीत दोन प्रकार आहेत. लहान मोटारींचे कम्युटेटर बेकेलाईटसारख्या राळेत तांबे साच्यात बसवून एकाच तुकड्याचे करतात. प्रत्येक पट्टीला एक आकडा असतो, त्यात तार अडकवून उष्णता व दाबाने पक्की करतात. हे बिघडले की बदलायचेच. मोठ्या मोटारींचे कम्युटेटर मात्र एकेक पट्टी मांडून, मध्ये मायकाचे पातळ थर घालून, पोलादी कड्यांनी आवळून बांधलेले असतात, आणि ते दुरुस्त करता येतात. तांबे साधे घेत नाहीत. त्यात चांदीचा अगदी अल्प अंश मिसळतात, त्यामुळे तापल्यावर पट्ट्या मऊ पडत नाहीत.

मायकाची एक खोड आहे. तो तांब्याहून सावकाश झिजतो. वर्षभर चाललेल्या कम्युटेटरवर तांबे किंचित खाली बसते आणि मायकाच्या कडा वर राहतात. रस्त्यावर ओळीने गतिरोधक उगवावेत तसे. ब्रश प्रत्येक कडेवर उडतो. म्हणून कम्युटेटर लेथवर धरून हलक्या हाताने साफ केल्यानंतर मायका पट्ट्यांच्या पातळीखाली खोदून काढावा लागतो. मोठ्या मोटारींत सुमारे एक मिलिमीटर खोल, लहानांत त्याच्या निम्मा. करवतीच्या पात्याचा तुकडा घासून त्याचे हत्यार करणारे उस्ताद आहेत. खोदल्यावर पट्टीच्या दोन्ही कडा थोड्या मारायच्या, नाहीतर धारदार कड ब्रश सोलत राहते. शेवटी खाचांतून तांब्याचा एकही कीस राहू नये. लेथवर काम केल्यावर डगमग केसाच्या जाडीच्या निम्म्यापेक्षाही कमी असली पाहिजे, आणि लहान वेगवान मोटारीत त्याहूनही कमी.

हे सगळे करण्यापूर्वी आर्मेचर निरोगी आहे ना, ते तपासावे. सिरीज लॅम्पची एक तार दांड्याला व दुसरी पट्टीला लावली तर दिवा लागता कामा नये. ग्रोलरवर आर्मेचर ठेवून खाचेवर हॅकसॉचे पाते धरले आणि ते थरथरले तर वेटोळे आतल्या आत जोडले गेले आहे. शेजारच्या दोनच पट्ट्या जळून काळ्या दिसत असतील तर बहुतेक वेळा वेटोळ्याची तार तुटलेली असते. अशा मोटारीला कितीही उंची कार्बन घाला, ठिणगी जाणार नाही. गिऱ्हाईकाला हे आधी सांगितले पाहिजे. कार्बन बदलून पैसे घेणे सोपे असते, आणि महिन्याने तोच माणूस परत आला की “तुमची मोटारच खराब” म्हणणे त्याहून सोपे.

यावरून त्या पुडीवरच्या छापाचा विषय निघतो. दुसऱ्याच्या नावाने माल विकणे हा १९९९ च्या ट्रेड मार्क कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी आपल्याला हे नवे सांगायला नको. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आतले धान्य ओले निघाले, आणि ओले वर का ठेवले नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, तो प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सूरह मुतफ्फिफीनचा आरंभ मापात कपात करणाऱ्यांविषयी आहे. ब्रशाच्या धंद्यात मापात कपात दिसत नाही, ती ग्रेडमध्ये लपते, आणि गिऱ्हाईकाला ती राशीतल्या ओल्या धान्याइतकीही हाताला लागत नाही. म्हणून ज्याला हा धंदा करायचा आहे त्याने पाकिटावर आपले नाव, ठोकळ्याच्या उत्पादकाची ग्रेड आणि कोणत्या मोटारीसाठी हे स्पष्ट छापावे. सुरुवातीला चार पैसे कमी मिळतील. आमच्या चाचांनी एक जुनी वही ठेवली आहे. त्यात प्रत्येक यंत्राचे नाव, व्होल्ट, वॅट, ब्रशाची तिन्ही मापे, बसवलेली ग्रेड आणि ते यंत्र परत कधी आले त्याची तारीख लिहिलेली आहे. माझ्या मते त्यांच्या दुकानातील सर्वांत मौल्यवान हत्यार लेथ नव्हे, ती वही आहे.

हा धंदा पुढे किती चालेल, असे कोणी विचारील. खरे सांगायचे तर मोठ्या यंत्रांत ब्रश मागे हटत चालला आहे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डी.सी.वर, आणि नव्वद वर्षे लोकलच्या डी.सी. मोटारींनी कार्बनचे ढीग संपवले. २०१६ पर्यंत सर्व उपनगरी मार्ग २५ हजार व्होल्ट ए.सी.वर गेले, नव्या गाड्यांना तीन फेजच्या बिनब्रशाच्या मोटारी आहेत. कापड प्रोसेसिंगच्या कारखान्यांतही स्टेंटरच्या डी.सी. मोटारींच्या जागी ए.सी. मोटार आणि ड्राइव्ह आले. पंखेसुद्धा बी.एल.डी.सी. येऊ लागले. तरीही घरोघरचे मिक्सर, सुताराचे रंदे, फॅब्रिकेशनवाल्यांचे ग्राइंडर, गाड्यांचे स्टार्टर व वायपर यांत ब्रश आहेच. मोठ्या जनरेटरांत आणि काही पवनचक्क्यांत कम्युटेटर नसला तरी स्लिप रिंगवर कार्बन चालतोच. नवे कारखाने उभारण्याइतकी वाढ मला दिसत नाही. दुरुस्ती आणि मापाप्रमाणे ब्रश कापून देण्याचे काम मात्र एका कुटुंबाला पोसण्याइतके प्रत्येक औद्योगिक गावात आहे. आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्या मुलाने वर्षभर चांगल्या वाइंडरजवळ शागिर्दी केली तर त्याला हे जमावे.

शेवटी नवा ब्रश बसवण्याची रीत सांगतो, कारण निम्मे नुकसान येथेच होते. यंत्राचा प्लग काढून ठेवावा. दोन्ही ब्रश एकाच वेळी व एकाच ग्रेडचे बदलावेत, एक जुना एक नवा असे करू नये. नव्या ब्रशाचे तोंड कम्युटेटरच्या गोलाईला नीट बसत नसेल तर बारीक वाळूच्या पेपरची पट्टी, खरखरीत बाजू ब्रशाकडे करून, कम्युटेटरवर गुंडाळावी आणि मोटार ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने ओढावी. भुकटी हवेने उडवून टाकावी, फुंकर मारून आत ढकलू नये. नंतर मोटार अर्धा तास बिनओझ्याची चालवावी. पहिल्या काही मिनिटांत बारीक ठिणग्या दिसतील, त्या कमी होत गेल्या पाहिजेत. दोन-चार दिवसांच्या कामानंतर झाकण उघडून कम्युटेटर पाहावा. त्यावर चॉकलेटी झाक धरू लागली असेल तर झाकण बंद करावे आणि त्याला हात लावू नये.